माधवीलतेच्या फुलामागची ही गाठ कसली? (फवारणी करण्याआधी विचारते आहे)

अंगणवेल | १३ फेब्रुवारी, सकाळी ७.४०

नमस्कार मंडळी. रत्नागिरीजवळ आमच्या घराच्या मागच्या दारी आंब्यावर चढलेली एक जुनी वेल आहे. सासूबाई तिला हळदवेल म्हणायच्या, शेजारचे काका माधवीलता म्हणतात. खोड आता मनगटाएवढं जाड झालंय. दरवर्षी थंडी ओसरायला लागली की ती अशी फुलते की विहिरीपर्यंत वास जातो. पांढरी, किंचित गुलाबी झाक असलेली, झालरीच्या काठाची पाच पाकळ्यांची फुलं. एका पाकळीवर पिवळा डाग.

यंदा गुडघेदुखीमुळे सकाळी कोवळ्या उन्हात बसते, म्हणून पहिल्यांदाच फुलं जवळून पाहिली. प्रत्येक फुलाच्या पाठीशी, देठ जिथे फुलाला मिळतो तिथे, एकाच बाजूला डाळीच्या दाण्यासारखा चकचकीत फुगवटा आहे. थोडा देठावर उतरलेला. त्याच्याभोवती मुंग्या. गाठ नाही असं एकही फूल सापडलं नाही. फोटो दाखवल्यावर एका रोपवाटिकेत सांगितलं, "गाठीचा रोग आहे, मुंग्या पसरवतात, आत्ताच फवारा." बाटली आणलीय, उघडलेली नाही. सासूबाईंच्या हातची वेल आहे, चुकीचं काही करायचं नाहीये. कुणाला माहीत आहे का?

रानवाटा | १३ फेब्रुवारी, सकाळी ९.०५

ताई, बाटली उघडू नका. तो रोग नाही. रोगाची गाठ कुठेही उठते, वेडीवाकडी असते. प्रत्येक फुलाला, त्याच जागी, त्याच आकाराची गाठ असेल तर तो फुलाचाच अवयव.

नावाचं आधी स्पष्ट करतो, कारण इथे नेहमी गोंधळ होतो. तुमची ती खरी माधवीलता, संस्कृत काव्यात आंब्याला बिलगणारी अतिमुक्तलता तीच. शास्त्रीय नाव हिप्टेज बेंगालेन्सिस. सोसायट्यांच्या कमानीवर लाल-गुलाबी झुबक्यांनी लटकते ती मधुमालती, म्हणजे रंगूनवेल. ती वेगळ्या कुळातली. तिचं फूल संध्याकाळी पांढरं उमलतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी आणि मग लाल होतं. तिचा मध लांब नळीच्या तळाशी असतो, लांब सोंडेच्या पतंगांसाठी. माधवीला असली नळी नाही. माधवीचं फळ तीन पंखांचं, गरगरत खाली येणारं. हिप्टेज हे नावही उडणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलंय.

गाठीबद्दल पुंकेसर सर जास्त सांगतील.

काळी_माती | १३ फेब्रुवारी, सकाळी ११.३०

मी यवतमाळचा, कापूसवाला. फोटो पाहून लगेच ओळखीचं वाटलं. कपाशीचं पान उलटं करा, मधल्या शिरेवर बुडापासून थोडं वर एक खळगी दिसते. सकाळी तिच्यात थेंब असतो आणि मुंगी हटकून तिथे. बोंडाभोवतीच्या हिरव्या झालरीलाही तशा खळग्या असतात. आमच्याकडे बरेच जण त्याला चिकटा समजून फवारतात. चिकटा वेगळा, तो माव्याच्या अंगातून पडतो, पानभर पसरतो आणि मग त्यावर काळी बुरशी धरते. हा थेंब झाडाचा स्वतःचा, ठरलेल्या जागीच.

पुंकेसर | १३ फेब्रुवारी, रात्री ९.५०

निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षक म्हणून थोडं विस्ताराने लिहितो. अंगणवेल ताई, तुमच्या प्रश्नात एक फार लांबचा प्रवास दडलाय.

फुलाच्या बाहेरच्या हिरव्या भागाला निदलपुंज म्हणतात. माधवीच्या निदलपुंजावर एक मोठी ग्रंथी असते, तीच तुमची गाठ. ग्रंथी म्हणजे काहीतरी पाझरवणारा अवयव. माधवीच्या ग्रंथीतून साखरेचं पाणी येतं.

आता हिच्या कुळाकडे बघू. माल्पिघिएसी. जगात या कुळाच्या सुमारे १३०० जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक सगळ्या दक्षिण व मध्य अमेरिकेत, कॅरिबियन बेटांवर. तिथल्या फुलांच्या निदलांवर, म्हणजे निदलपुंजाच्या एकेका हिरव्या दळावर, ग्रंथींच्या जोड्या असतात. पाच निदलं, प्रत्येकी दोन, म्हणजे दहा. कित्येक जातींत एक निदल कोरं राहतं, मग आठ. आणि त्या ग्रंथींत साखर नसते, तेल असतं. हो, तेल. फुलात मध असतो हे आपण लहानपणापासून ऐकतो. फूल कीटकाला तेल देऊन परागीभवनाचं काम करून घेतं, हे जगासमोर नीट आलं १९६९ मध्ये, स्टेफान फोगल या वनस्पतिशास्त्रज्ञामुळे.

तेल गोळा करणाऱ्या माश्याही खास आहेत. सेंट्रिस हे त्यातलं प्रमुख नाव. या एकांड्या माश्या, त्यांचं पोळं नसतं. मादीच्या पुढच्या आणि मधल्या पायांवर ताठ केसांच्या फण्या असतात. ग्रंथीवर पातळ आवरण असतं आणि तेल त्याच्याखाली साठतं. माशी फणीने खरवडते, आवरण फाटतं, तेल फणीत भरतं, मग ती ते मागच्या पायांच्या दाट केसांत सारते. घरी नेऊन परागात कालवून पिल्लांना भरवते. घरट्याच्या आतल्या भिंतींनाही लावते, ओल आत येऊ नये म्हणून.

फुलाचा सांगाडा बघा, या व्यवहारासाठीच घडवल्यासारखा आहे. पाकळ्या बुडाशी चमच्याच्या दांडीसारख्या बारीक, त्यामुळे दोन पाकळ्यांमध्ये फट राहते. माशी वर बसते आणि फटीतून पाय खाली घालून पाठीमागच्या ग्रंथी खरवडते. एक पाकळी इतरांपेक्षा वेगळी, जाड दांडीची. तिला ध्वजपाकळी म्हणू. माशी तिची दांडी जबड्यात धरून तोल सांभाळते. तेवढ्यात तिचं पोट पुंकेसरांवर आणि कुक्षीवर, म्हणजे पराग स्वीकारणाऱ्या टोकावर, घासतं.

ताई, आता तुमच्या फुलाकडे परत या. बारीक बुडाच्या पाकळ्या आहेत. वेगळी, पिवळ्या डागाची ध्वजपाकळी आहे. पाठीमागे ग्रंथी आहे. सांगाडा तोच, फक्त दहांच्या जागी एक ग्रंथी आणि तेलाच्या जागी साखर. वनस्पतींच्या वंशावळीवरून दिसतं की या कुळातल्या वेगवेगळ्या शाखा अमेरिकेतून जुन्या जगात अनेकदा आल्या. त्यांच्या तेलवाल्या माश्या मात्र आल्या नाहीत. आफ्रिका-आशियात तेल गोळा करणाऱ्या दुसऱ्या माश्या आहेत, पण त्या या फुलांवर येत नाहीत. गिऱ्हाईकच उरलं नाही म्हटल्यावर ग्रंथी आटत गेल्या. आपल्याच घाटातल्या अ‍ॅस्पिडॉप्टेरिस या भाऊबंद वेलीत त्या जवळजवळ नाहीशा झाल्यात. माधवीने एक राखली.

तुमच्या आंब्यावर हा कोट्यवधी वर्षांचा प्रवास फुललाय. फवारू नका.

अंगणवेल | १४ फेब्रुवारी, सकाळी ६.५५

सर, काल रात्री दोनदा वाचलं. सकाळी उठून पहिलं काम म्हणजे ध्वजपाकळीची दांडी बघितली. खरंच बाकीच्या चौघींपेक्षा जाड आहे. इतकी वर्षं पूजेला ही फुलं काढली आणि कधी दिसलं नाही, याचं वाईट वाटतंय.

पण ती साखर आहे, तेल नाही, हे मला घरी कसं पडताळता येईल?

पुंकेसर | १४ फेब्रुवारी, सकाळी ८.१०

सोपं आहे. पातळ कोरा कागद घ्या, वहीचा चालेल. ग्रंथीवरचा थेंब कागदाला टेकवा. शेजारी काडीने खोबरेल तेलाचा ठिपका द्या. दोन्ही उन्हात वाळू द्या आणि कागद उजेडासमोर धरा. तेलाचा डाग अर्धपारदर्शक राहतो, साखरेच्या पाण्याचा वाळून जातो. दुसरं, औषधांच्या दुकानात लघवीतली साखर तपासायच्या पट्ट्या मिळतात. थेंब पट्टीला लावून रंग पाहता येईल. चव घ्यायची तर फवारा न मारलेल्याच वेलीची, आणि जिभेच्या टोकालाच.

दूरदेशी | १४ फेब्रुवारी, सकाळी ८.४५

मी मूळची सांगलीची, आता मायामीजवळ राहते. सरांनी लिहिलेलं वाचून अंगावर काटा आला, कारण हे मी डोळ्यांनी पाहिलंय. इथे दक्षिण फ्लोरिडात बायर्सोनिमा ल्युसिडा नावाचं देशी झुडूप आहे, माधवीच्याच कुळातलं. एकाच झुबक्यात पांढरी, गुलाबी आणि लालसर फुलं, कारण फूल जुनं होईल तसा रंग चढतो. मार्चनंतर त्यावर सेंट्रिस माश्या येतात. देशी सेंट्रिस एरान्स आहेच, आता बाहेरून आलेली सेंट्रिस निटिडाही दिसते.

आपल्या मधमाशीसारखी शांत बसून चोखत नाही ती. येते, पाकळीला दातांनी धरते आणि पाय खाली घालून भराभर खरवडते, आपण खोबरं किसतो तशी. दोन-तीन सेकंदांत पुढच्या फुलावर. नंतर भिंगातून फूल पाहिलं तर ग्रंथींवर ओरखडे होते. न खरवडलेल्या ग्रंथी फुगलेल्या, तुळतुळीत. त्या वेळी मला वाटलं होतं माशी फूल खराब करतेय. आज कळलं ती काय करत होती.

काळी_माती | १४ फेब्रुवारी, दुपारी १.२०

सर, एक शंका. फुलाच्या आत मध असला तर परागीभवन होतं, कळलं. पण पानाच्या पाठीवर, देठावर मध देऊन झाडाला काय मिळतं? तिथे ना पराग ना कुक्षी.

पुंकेसर | १४ फेब्रुवारी, रात्री ८.३०

राखणदार मिळतात.

थॉमस बेल्ट हे खाणकाम अभियंता निकाराग्वात होते. १८७४ मध्ये त्यांनी तिथल्या पोकळ काट्यांच्या बाभळीबद्दल लिहिलं की मुंग्या तिच्या काट्यात राहतात, तिच्या पानांच्या देठांवरच्या ग्रंथींतून मध पितात आणि पानं खाणाऱ्यांना हुसकावतात. बऱ्याच जणांना ते पटलं नाही. मग १९६६ मध्ये डॅनियल जॅन्झेन यांनी मेक्सिकोतले प्रयोग प्रसिद्ध केले. काही झाडांवरच्या मुंग्या काढून टाकल्या. त्या झाडांना किड्यांनी आणि आजूबाजूच्या वेलींनी पार हैराण केलं, मुंग्या असलेली तरारून वाढली.

आपल्याकडे इतकी पक्की सोयरीक क्वचित, पण सुटी मजुरी सगळीकडे चालते. पावसाळ्यात टाकळ्याच्या खालच्या पर्णिकांच्या जोड्यांमध्ये बारीक काडीसारखी ग्रंथी बघा. एरंडाच्या देठावरच्या गाठी, कृष्णकमळाच्या देठावरच्या दोन टपोऱ्या, पांगाऱ्याच्या पर्णिकांच्या बुडाशी असलेल्या. सगळीकडे मुंगी भेटेल. आणि कपाशीतल्या त्या खळग्यांवर फक्त मुंग्या नाहीत, तुमचे मित्रकीटकही येतात. ढालकिडा, क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या किड्याचे प्रौढ.

काळी_माती | १४ फेब्रुवारी, रात्री ९.१५

हे पटलं. पण दुसरी बाजूही मांडतो, कारण आमचं पोट त्यावर आहे. तो मध बोंडअळीचा पतंगही पितो. मी वाचलंय की हवाई बेटांवरच्या एका रानटी कपाशीला या ग्रंथी नाहीत आणि तिच्यावरून बिनग्रंथीची वाणं तयार केली गेली, काही किडी कमी व्हाव्यात म्हणून. म्हणजे ग्रंथी असणं नेहमी फायद्याचंच, असं धरून चालू नये.

पुंकेसर | १४ फेब्रुवारी, रात्री ९.४०

अगदी बरोबर बोललात. तुमच्यासारखी शंका वर्गात फार कमी मुलं काढायची. थेंब उघड्यावर ठेवला की कोण येईल हे झाडाच्या हातात नसतं. फुलात मुंगी फार शिरली तरी नुकसान होतं. पुष्कळ मुंग्यांच्या अंगावर बुरशी-जंतू मारणारा स्राव असतो आणि त्याने परागकण निकामी होऊ शकतात. म्हणूनच माधवीची ग्रंथी फुलाच्या पाठीमागे असणं मला महत्त्वाचं वाटतं. मुंगी मागच्या दाराने येते आणि तिथूनच जाते. पुंकेसर पुढे, पाकळ्यांच्या पलीकडे. हे माझं निरीक्षणावरून बनलेलं मत आहे.

भेंडाचा_काप | १५ फेब्रुवारी, सायंकाळी ६.१०

मी एमएस्सीची विद्यार्थिनी, कोल्हापूरला. धागा वाचून आमच्या कॉलेजच्या बागेतल्या माधवीच्या कळीचे काप आज घेतले. कळी गाजराच्या तुकड्यात चिरेत बसवली, नव्या ब्लेडने पाण्याखाली काप काढले. पंचवीस-तीस वाया गेले, चार चांगले आले.

ग्रंथीच्या पृष्ठभागावरच्या पेशी आजूबाजूच्या साध्या पेशींपेक्षा कितीतरी उंच दिसतात. एकमेकींना चिकटून उभ्या, कुंपणाच्या खांबांसारख्या. आत दाट, दाणेदार द्रव्य. त्यांच्याखाली लहान पेशींचे काही थर आणि त्यात बारीक शिरा येऊन पोचलेल्या, म्हणजे रसद तिथून. अमेरिकेतल्या तेलग्रंथींच्या चित्रातही पृष्ठभागाच्या पेशी अशाच उभ्या असतात, त्यामुळे मला वाटलं मी तेच चित्र बघतेय. मग सुदान थ्री टाकलं, ते तेल-मेण रंगवतं. वरच्या आवरणाची फक्त एक बारीक नारिंगी रेघ रंगली. तिच्याखाली तेलाचा साठा नाही. यंत्र जुन्याच घडणीचं, माल बदललेला.

सरांना एक विचारायचं आहे. मी दहा फुलं उघडली. काहींत कुक्षीवृंत, म्हणजे कुक्षीचा देठ, डावीकडे वळलेला, काहींत उजवीकडे. हे चुकून आहे का?

पुंकेसर | १५ फेब्रुवारी, रात्री ८.००

शाब्बास! नाही, ते चुकून नाही. माधवीची फुलं आरशातल्या प्रतिबिंबासारखी दोन प्रकारची असतात आणि दोन्ही प्रकार एकाच वेलीवर. दहा पुंकेसरांपैकी नऊ लहान आणि एक फारच लांब. डाव्या फुलाचा पराग माशीच्या अंगाला एका बाजूला लागतो, तो उजव्या प्रकारच्या फुलाच्या कुक्षीला बरोबर पोचतो, असं याचं कारण मानलं जातं. चीनमध्ये या फुलावर चांगलं काम झालंय. तिथे आग्या माशी हिच्यावर पराग गोळा करताना दिसलीय. म्हणजे आज माधवीचं मुख्य मोल पराग हेच आहे. तेल गेलं, तर हिने दुसऱ्या नाण्यात मजुरी द्यायला सुरुवात केली.

सह्यकडा | १५ फेब्रुवारी, रात्री १०.२५

सातारकर. थोडं विषयांतर, पण याच विषयातलं. पावसाळ्यात घाटात खरपुडीची कंदीलपुष्पं फुलतात. त्यांच्या बाबतीत वास हीच मजुरी आणि वास हाच सापळा. फुलाच्या वरच्या टोकांवर वास सोडणाऱ्या ग्रंथी असतात. बारीक माश्या भुलून नळीत घसरतात, आतले केस खाली वळलेले असल्याने वर येता येत नाही. एखाद दिवसाने केस सुकतात, फूल कलतं, माशी परागाच्या पिशव्या तोंडाला अडकवून सुटते. एकदा एका फुलासमोर दोन तास पालथा पडून होतो. माशी आत गेलेली पाहिली, सुटताना पाहायला दुसऱ्या दिवशी गेलो तर कुणीतरी कंदासकट उपटून नेलं होतं. कृपा करून खरपुडी जिथे दिसेल तिथेच राहू द्या. फोटोत जागा सांगू नका.

अंगणवेल | १६ फेब्रुवारी, दुपारी १२.१५

प्रयोगाचा निकाल. कागदावर खोबरेलाचा ठिपका अजून तसाच, उजेडासमोर धरला की चमकतो. ग्रंथीच्या थेंबाचा डाग सुकला, हाताला किंचित खरखरीत लागतो. पट्टीचा रंग हिरवट झाला. नातू म्हणाला, "आजी, वेलीला साखर झालीय." जिभेला लावलं, गोड आहे, पण अगदी पुसट.

मग नातवाबरोबर खाली पडलेली आणि हाताला येणारी शंभर फुलं मोजली. डावी ५३, उजवी ४७. मुंग्यांकडे अर्धा तास बघत बसले. एक हिरवी बारीक अळी कळीकडे चढत होती. दोन मुंग्या तिला भिडल्या, अळी धाग्याने खाली लोंबकळली आणि मग पडलीच. एकदाच दिसलं, त्यावरून मोठं काही म्हणत नाही, पण दिसलं ते लिहिलं.

बाटली दुकानात परत दिली.

दूरदेशी | १६ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.३०

ताई, फार छान. एक विनंती मात्र सगळ्यांना. ही वेल इतकी सुंदर आहे म्हणून परदेशातल्या नातलगांना बिया पाठवू नका. मॉरिशस आणि रीयुनियन बेटांवर माधवीने देशी जंगल गुदमरवून टाकलंय. जगातल्या १०० सर्वांत वाईट घुसखोर जातींच्या यादीत तिचं नाव आहे. इथे फ्लोरिडातही तिच्यावर लक्ष ठेवतात. पंखांचं फळ वाऱ्यावर जातं आणि वेल झाडांच्या शेंड्यापर्यंत चढते. सह्याद्रीत ती घरची आहे, तिथेच तिचं कौतुक व्हावं.

रानवाटा | १६ फेब्रुवारी, रात्री ८.५०

बरं झालं लिहिलंत, मी एकाला पाठवणार होतो. नाही पाठवत.

ज्यांच्या जवळपास माधवी नाही त्यांनी रोपवाटिकेतली बार्बाडोस चेरी बघा. तीही याच कुळातली, मूळची अमेरिकेची. आमच्या गच्चीवर कुंडीत आहे. आज फूल उलटं केलं तर पाठीला हिरव्या टपोऱ्या ग्रंथींचं कडंच आहे, मोजल्या तर आठ. तिच्या माश्या इकडे नाहीत, तरी ती रोज तेल भरून बसते. पिवळ्या फुलांची गॅल्फिमिया पण याच कुळातली, तिच्या फुलात मात्र तेलाच्या ग्रंथी सापडल्या नाहीत.

भेंडाचा_काप | १६ फेब्रुवारी, रात्री ९.३०

रानवाटा दादा, त्या चेरीच्या दोन-तीन कळ्या मिळतील का? सुदान थ्री टाकून माधवीच्या कापाशेजारी ठेवायच्या आहेत. आणि अंगणवेल काकू, पुढच्या रविवारी मी रत्नागिरीला मावशीकडे येतेय. तुमच्या वेलीच्या अगदी लहान कळ्या हव्या होत्या, ग्रंथी पहिल्यांदा कधी दिसायला लागते ते बघायला.

अंगणवेल | १७ फेब्रुवारी, सकाळी ६.३०

ये गं, नक्की ये. सातच्या आत ये, उन्हं वर आली की आग्या माश्या येतात, मग फांदीजवळ जाऊ नये. लहान कळ्या विहिरीकडच्या बाजूला खाली आहेत, शिडी लागणार नाही. भिंग आण, माझ्याकडे फक्त सासूबाईंचा वाचायचा चष्मा आहे.